संवेगावरून चाल : प्राथमिक भौतिकशास्त्रातील एका उदाहरणप्रकाराची चिकित्सा

शालेय आणि कनिष्ठ महाविद्यालयीन भौतिकशास्त्रात काही उदाहरणप्रकार इतके रूढ झाले आहेत की, त्यांच्याकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. 'वस्तूचे वस्तुमान व संवेग दिले आहेत. तिची चाल काढा' हा त्यांपैकीच एक प्रकार होय. उदाहरणार्थ, १६० ग्रॅम वस्तुमानाच्या चेंडूचा संवेग ६.४ कि.ग्रॅ.-मीटर प्रति सेकंद असल्यास चाल किती? संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग; म्हणून ६.४ ला ०.१६ ने भागावयाचे. उत्तर ४० मीटर प्रति सेकंद. तीन ओळींत उदाहरण संपते, गुण मिळतात आणि विद्यार्थी पुढील उदाहरणाकडे वळतो.

या तीन ओळींत चुकीचे असे काहीच नाही. तरीही त्यांत भौतिकशास्त्र किती आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. ४० मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी १४४ किलोमीटर, अर्थात आंतरराष्ट्रीय सामन्यातील वेगवान गोलंदाजाचा चेंडू. पण आदर्श उत्तरात याचा उल्लेख बहुधा नसतो. ग्रॅमचे किलोग्रॅम करावयास विसरलेला विद्यार्थी ६.४ ला १६० ने भागतो आणि ०.०४ मीटर प्रति सेकंद असे उत्तर लिहितो. सेकंदाला चार सेंटीमीटर ही मुंगीला शोभेल अशी चाल. असा चेंडू खेळपट्टीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास आठ मिनिटांहून अधिक वेळ लागेल. परंतु विद्यार्थ्याला त्यात काही खटकत नाही, कारण आपण चेंडूविषयी काही बोलत आहोत अशी त्याची भावनाच नसते. तो दोन संख्यांविषयी बोलत असतो.

हा दोष भागाकाराचा नाही. संवेगावरून चाल काढणे ही भौतिकशास्त्राच्या इतिहासातील अत्यंत फलदायी कृती आहे. पाठ्यपुस्तकी उदाहरणाने तिच्यातील प्रश्न काढून टाकला आणि उत्तर तेवढे शिल्लक ठेवले. संवेग कळला कसा, हे उदाहरण सांगत नाही. भागाकार कोठवर चालतो, हेही ते सांगत नाही. प्रस्तुत लेखात या दोन मौनांची चिकित्सा करण्याचा हेतू आहे.

चाल, वेग आणि संवेग

प्रथम परिभाषेचा विचार करावा लागतो. मराठी पाठ्यपुस्तकांनी 'चाल' ही अदिश राशी आणि 'वेग' ही सदिश राशी असा भेद स्वीकारला आहे. भेद आवश्यक आहे, पण व्यवहारातील मराठी तो पाळत नाही. महामार्गावरील फलकावर 'वेगमर्यादा' असते, 'चालमर्यादा' नसते. वास्तविक फलकाला वाहनाच्या दिशेशी काही कर्तव्य नाही. विद्यार्थी ही सवय घेऊनच वर्गात येतो आणि 'संवेग' या शब्दात त्याला पुन्हा 'वेग'च ऐकू येतो. संवेग म्हणजे 'जरा जास्त वेग' असा समज त्यामुळे सहज होतो.

शब्दांचा पूर्वेतिहास येथे उद्बोधक आहे. योगसूत्रांत 'संवेग' हा शब्द साधनेतील तीव्रतेच्या अर्थाने येतो. वस्तुमानाशी त्याचा काही संबंध नाही. उलट वैशेषिक परंपरेत प्रशस्तपादांनी संस्कार या गुणाचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन प्रकार सांगितले आहेत. तेथे 'वेग' म्हणजे अमुक काळात कापलेले अंतर नव्हे, तर गतिमान द्रव्यात राहणारा आणि त्याची गती पुढे चालू ठेवणारा गुण होय. आधुनिक संवेगाशी त्याचे समीकरण मांडणे अनैतिहासिक ठरेल. तथापि गतिमान वस्तू 'काहीतरी घेऊन चालली आहे' ही कल्पना तेथे 'वेग' या शब्दाने व्यक्त झाली होती, हे लक्षणीय आहे. त्याच यादीतील 'स्थितिस्थापक' आजच्या परिभाषेत रबर आणि स्प्रिंगच्या गुणधर्मासाठी रुजला. 'वेग' मात्र अर्थ बदलून रुजला.

संवेगावरून वेग काढताना दिशा टिकते. चाल काढताना ती गळून पडते. हा टप्पा उदाहरणात कोठेही दाखविला जात नाही. परिणामी डावीकडे जाणाऱ्या वस्तूचा संवेग ऋण दिला असेल, तर पुष्कळ विद्यार्थी चालही ऋण लिहितात. ही केवळ चिन्हाची चूक समजून अर्धा गुण कापला जातो. वस्तुतः हीच चूक यंत्रशास्त्राच्या उदयकाळी फार मोठ्या विचारवंताकडूनही झाली होती. देकार्तने १६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विश्वातील 'गतीचे परिमाण' अक्षय्य मानले; मात्र हे परिमाण त्याने वस्तूचा आकार गुणिले चाल असे धरले, दिशेला त्यात स्थान दिले नाही. त्यामुळे लहान वस्तू स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूवर आदळली तर मोठी वस्तू जागची हलणार नाही आणि लहान वस्तू तेवढ्याच चालीने परत फिरेल, असा नियम त्याने सांगितला. त्याच्या हिशेबात काहीच हरवत नव्हते; चाल तीच, आकार तोच. दिशा धरली की हिशेब कोलमडतो, कारण लहान वस्तूच्या संवेगात मूळ संवेगाच्या दुप्पट बदल झालेला असतो आणि तो घेण्यास कोणी उरत नाही. १६६८-६९ मध्ये वॉलिस, रेन आणि हायगेन्स यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे टकरींचे नियम मांडले, तेव्हा ही बाब स्पष्ट झाली. न्यूटनच्या १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'मधील गतीच्या परिमाणाची व्याख्या त्यानंतरची आहे.

एकाहून अधिक वस्तू असल्या की हा प्रश्न आणखी तीव्र होतो. २ कि.ग्रॅ. वस्तुमानाची गाडी ३ मीटर प्रति सेकंद चालीने उजवीकडे आणि ३ कि.ग्रॅ. वस्तुमानाची गाडी २ मीटर प्रति सेकंद चालीने डावीकडे जात असेल, तर दोहोंचा मिळून संवेग शून्य आहे. पण दोहोंपैकी एकीचीही चाल शून्य नाही. आता दुसरे उदाहरण पाहावे. १ कि.ग्रॅ. वस्तुमानाची गाडी ६ मीटर प्रति सेकंद चालीने २ कि.ग्रॅ. वस्तुमानाच्या स्थिर गाडीकडे येत आहे. एकूण संवेग भागिले एकूण वस्तुमान केल्यास २ मीटर प्रति सेकंद मिळतात. ही चाल कोणाची? पहिल्या गाडीची नाही, दुसरीचीही नाही. ती दोहोंच्या वस्तुमानकेंद्राची आहे, आणि गाड्या आदळून एकमेकींस चिकटल्या तरच ती डोळ्यांस दिसेल. ज्याने केवळ भागाकार शिकला आहे त्याच्या दृष्टीने हे २ म्हणजे एक उत्तर. कोणत्या प्रश्नाचे, हे त्याला सांगता येत नाही.

संवेग कोठून आला?

पाठ्यपुस्तकी उदाहरणात संवेग वस्तूच्या रंगासारखा दिलेला असतो. प्रयोगशाळेत वस्तुमान मोजण्यास तराजू आहे, अंतर मोजण्यास पट्टी आहे, काळासाठी घड्याळ आहे. संवेगमापक म्हणून कोणतेही उपकरण फळीवर नसते. सामान्य वस्तूंच्या बाबतीत चाल मोजून संवेग काढला जातो. मग तोच संवेग 'दिला आहे' म्हणून चाल काढावयास सांगणे म्हणजे ज्या पायरीने वर चढलो तिनेच खाली उतरणे होय. विद्यार्थ्याला हे शब्दांत मांडता येत नसले तरी उदाहरणाची निरर्थकता जाणवत असावी, अशी शंका येते.

चाल थेट मोजणे अशक्य असताना मात्र चित्र पालटते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बंदुकीच्या गोळीची चाल ही अशीच राशी होती. गोळी डोळ्यांस दिसत नाही, आणि सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारे घड्याळ नव्हते. इंग्लंडमधील बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ मध्ये तोफखान्याच्या नव्या तत्त्वांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने सुचविलेली युक्ती अशी : जड लाकडी ठोकळा लोलकाप्रमाणे टांगावा, त्यात गोळी रुतू द्यावी आणि ठोकळा किती झुलतो ते त्याला बांधलेली फीत किती ओढली गेली यावरून मोजावे. ठोकळा सावकाश झुलतो, म्हणून त्याचे झुलणे मोजता येते. गोळीने आणलेला सर्व संवेग आता गोळीसह ठोकळ्याकडे आहे. त्याला गोळीच्या वस्तुमानाने भागले की न दिसलेल्या गोळीची चाल हाती येते.

संख्या घालून पाहिल्यास या युक्तीचे मर्म ध्यानात येईल. १० ग्रॅमची गोळी ठोकळ्यात रुतली, गोळीसह ठोकळ्याचे वस्तुमान ४ कि.ग्रॅ. भरले आणि तो ५ सेंटीमीटर उंच उचलला गेला, असे मानू. तेवढ्या उंचीवरून ठोकळ्याची आरंभीची चाल ०.९९ मीटर प्रति सेकंद येते, संवेग ३.९६, आणि त्याला ०.०१ ने भागल्यास गोळीची चाल ३९६ मीटर प्रति सेकंद. आता एखाद्या हुशार विद्यार्थ्याने संवेगाऐवजी ऊर्जेचा मार्ग धरला असे समजावे. ठोकळ्याची ऊर्जा सुमारे १.९६ ज्यूल, तीच गोळीची होती असे गृहीत धरल्यास गोळीची चाल जेमतेम २० मीटर प्रति सेकंद निघते. एकाच मोजमापावरून ३९६ आणि २०! वास्तविक गोळीने आणलेली ऊर्जा सुमारे ७८४ ज्यूल होती. त्यातील चारशे भागांपैकी एक भागच झुलण्यात दिसला. उरलेली लाकूड फाडण्यात आणि उष्णतेत गेली. ऊर्जा नष्ट झाली नाही, पण साक्ष देण्याच्या स्थितीत राहिली नाही. संवेगाला उष्णतेत लपता येत नाही.

संवेग ही स्वतंत्र राशी कशासाठी हवी, या नवशिक्याच्या रास्त शंकेचे याहून समर्पक उत्तर सापडणे कठीण आहे. ठोकळ्यात रुतणाऱ्या गोळीचे उदाहरण कनिष्ठ महाविद्यालयीन पातळीवर येते. परंतु बहुधा तेही दोन सूत्रे जोडून सोडवावयाचा एक सराव म्हणून. २० हे चुकीचे उत्तर शेजारी ठेवून दोहोंची तुलना करण्याची प्रथा दिसत नाही, आणि ती नसणे हे मोठे नुकसान आहे. रॉबिन्सच्या गोळ्यांची चाल सेकंदाला दीड हजार फुटांच्या पलीकडे भरली. लोलक बंदुकीपासून निरनिराळ्या अंतरांवर ठेवल्यावर हवा गोळीला किती प्रचंड अवरोध करते हेही उघड झाले. गॅलिलिओच्या अन्वस्ताच्या आधारे तोफा डागण्याचे गणित मांडणाऱ्यांना तो धक्काच होता. ऑयलरसारख्या गणितज्ञाने १७४५ मध्ये या ग्रंथाचे जर्मन भाषांतर स्वतःच्या विस्तृत टीपांसह केले, यावरून त्याचे महत्त्व कळते.

भागाकार जेथे थांबतो

रॉबिन्सच्या लोलकात भागाकार बिनचूक चालला, कारण गोळीची चाल प्रकाशवेगाच्या मानाने नगण्य होती. विसाव्या शतकात संवेगमापनाची निराळी पद्धत हाती आली. विद्युतभारित कण चुंबकीय क्षेत्रातून जाताना वळतो; क्षेत्र माहीत असले आणि मार्गाची वक्रता त्रिज्या मोजली, की भार, क्षेत्र व त्रिज्या यांच्या गुणाकारावरून कणाचा संवेग मिळतो. येथे संवेग खरोखर आधी कळतो आणि चाल नंतर काढावी लागते. म्हणजे पाठ्यपुस्तकातील उदाहरणाचे खरे घर हे आहे.

२ ऑगस्ट १९३२ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे कार्ल अँडरसन याने विश्वकिरणांचे घेतलेले छायाचित्र या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखे आहे. बाष्पाने भरलेली पेटी १५,००० गाउसच्या चुंबकीय क्षेत्रात ठेवली होती आणि तिच्या मध्यभागी शिशाचा ६ मिलिमीटर जाडीचा पत्रा आडवा बसविला होता. पत्र्याच्या एका बाजूला मार्गाची वक्रता कमी, दुसऱ्या बाजूला जास्त. पत्र्यातून जाताना कण ऊर्जा गमावतो; म्हणून कण कमी वक्रतेच्या बाजूने शिरला व अधिक वक्रतेच्या बाजूने बाहेर पडला, हे निश्चित झाले. पत्रा नसता तर खालून वर जाणारा धन कण आणि वरून खाली येणारा ऋण कण यांच्या रेषा सारख्याच दिसल्या असत्या. दिशा गळाली असती तर शोधच गळाला असता. चालीत आणि वेगात एवढे कसले अंतर, असे विचारणाऱ्यास हे छायाचित्र दाखवावे.

दिशा कळल्यावर भार धन आहे हे ठरले. त्या काळी सर्वपरिचित धन कण म्हणजे प्रोटॉन. मग हा प्रोटॉन तर नव्हे? येथे संवेगावरून चाल काढण्याचा प्रश्न निर्णायक ठरला. पत्र्यातून बाहेर पडल्यावर मार्गाची त्रिज्या सुमारे ५ सेंटीमीटर येते. संवेगाला प्रकाशवेगाने गुणून ऊर्जेच्या एककात लिहिल्यास तो सुमारे २३.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट होतो. प्रोटॉनचे स्थिर वस्तुमान त्याच एककात सुमारे ९३८ दशलक्ष. भागाकार केला की प्रोटॉनची चाल प्रकाशवेगाच्या अडीच टक्के निघते. एवढ्या मंद प्रोटॉनची गतिज ऊर्जा केवळ तीन लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हवेत तो सुमारे ५ मिलिमीटर जाऊन थांबला पाहिजे. प्रत्यक्षात छायाचित्रातील रेषा ५ सेंटीमीटरांहून लांब होती आणि तिची वक्रता लक्षात येण्याजोगी बदलत नव्हती. संवेग तोच असताना प्रोटॉनला न परवडणारी वाटचाल हा कण करीत होता; म्हणजे त्याचे वस्तुमान फारच कमी असले पाहिजे. धन भाराचा इलेक्ट्रॉन, अर्थात पॉझिट्रॉन, अशा रीतीने सापडला. त्यासाठी अँडरसनला १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता हाच भागाकार पॉझिट्रॉनसाठी करून पाहावा. त्याचे स्थिर वस्तुमान ०.५११ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. २३.५ ला ०.५११ ने भागल्यास ४६ येतात. म्हणजे कणाची चाल प्रकाशवेगाच्या ४६ पट! शालेय सूत्र येथे किंचित चुकत नाही, ते पूर्णतः निकामी होते. सापेक्षता सिद्धांतानुसार संवेगाला स्थिर वस्तुमानाने नव्हे, तर कणाच्या एकूण ऊर्जेने भागावे लागते. तेव्हा चाल प्रकाशवेगाच्या सुमारे ०.९९९८ पट मिळते. प्रोटॉनसाठी एकूण ऊर्जा जवळपास स्थिर वस्तुमानाएवढीच असल्यामुळे जुना भागाकार तेथे बेमालूम चालून जातो. तोच संवेग म्युऑनला दिला तर चाल प्रकाशवेगाच्या बावीस टक्क्यांच्या आसपास येईल. फोटॉनला दिला तर? फोटॉनला संवेग आहे, स्थिर वस्तुमान नाही. शालेय सूत्राने शून्याने भागावे लागेल. एकूण ऊर्जेने भागले तर नेमका प्रकाशवेग मिळतो.

काही जुन्या पुस्तकांनी 'संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग' हे रूप वाचविण्यासाठी वस्तुमानच चालीबरोबर वाढते असे सांगितले. सूत्र दिसावयास तसेच राहिले हे खरे. परंतु संवेगावरून चाल काढताना त्याचा उपयोग काय? भागण्यासाठी वस्तुमान हवे, वस्तुमान चालीवर अवलंबून, आणि चाल तर काढावयाची आहे. चक्र पुरे होते. एकूण ऊर्जेचा मार्ग अधिक सरळ आहे. १९६४ मध्ये विल्यम बर्टोझी याने इलेक्ट्रॉनांना उत्तरोत्तर अधिक ऊर्जा देऊन ८.४ मीटर अंतर कापण्यास त्यांना लागणारा वेळ थेट मोजला. ऊर्जा वाढत राहिली, चाल प्रकाशवेगापाशी येऊन थबकली.

त्याच १९३२ साली केंब्रिजमध्ये जेम्स चॅडविक याच्यापुढे तर संवेग आणि वस्तुमान दोन्ही अज्ञात होते. बेरिलियममधून निघणारा भारहीन प्रारण मेणातील हायड्रोजनचे कण सेकंदाला जास्तीत जास्त ३.३ कोटी मीटर आणि नायट्रोजनचे कण ४७ लाख मीटर चालीने उडवीत होता. हा प्रारण म्हणजे उच्च ऊर्जेचे फोटॉन होत, असे फ्रान्समध्ये जोलिओ-क्यूरी दांपत्याने सुचविले होते. चॅडविकने दोन चालींचे गुणोत्तर घेतले; ते सुमारे ७ भरले. संवेग आणि ऊर्जा या दोहोंची अक्षय्यता मान्य केल्यास हे गुणोत्तर, अज्ञात कणाचे वस्तुमान अधिक १४ भागिले तेच वस्तुमान अधिक १, एवढे असले पाहिजे. गणित सोडविल्यास वस्तुमान प्रोटॉनच्या १.१५ पटींच्या आसपास येते. ही बेरीज-भागाकाराची रीत नववीच्या विद्यार्थ्याला अवघड नाही. तीतून न्यूट्रॉन बाहेर आला.

आक्षेपांचा विचार

या सर्व विवेचनावर एक आक्षेप स्वाभाविक आहे. नववीच्या मुलांना विश्वकिरण आणि सापेक्षता कशी शिकविणार? सूत्राचा हात बसण्यासाठी, एककांची सवय होण्यासाठी साधी उदाहरणे हवीतच. हा आक्षेप निम्मा बरोबर आहे. सरावाची गरज नाकारण्याचे कारण नाही. एकक बदलता न येणाऱ्याने रॉबिन्सचा लोलक समजून घेण्याचा प्रयत्न करणे व्यर्थ आहे. सापेक्षता शिकविण्याचीही अपेक्षा नाही. 'प्रकाशवेगाच्या तुलनेत चाल अत्यल्प असताना' एवढे पाच शब्द सूत्राशेजारी छापल्याने पुस्तकाची पाने वाढत नाहीत, आणि पुढे बारावीत किंवा पदवीला गेलेल्या विद्यार्थ्याला पूर्वी शिकलेले खोटे होते असे वाटत नाही.

निम्मा चूक अशासाठी की, सराव झाला म्हणजे आकलन आपोआप येते हे गृहीत टिकत नाही. लॉसन आणि मॅक्डरमॉट यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांपुढे भिन्न वस्तुमानांच्या दोन चकत्या सारख्याच बलाने ढकलून दाखविल्या आणि ठरावीक अंतर कापल्यावर त्यांच्या संवेगाची व गतिज ऊर्जेची तुलना करावयास सांगितली. सूत्रे शिकून झालेल्या विद्यार्थ्यांपैकीही बहुतेकांना ही तुलना कारणांसह करता आली नाही. हलकी चकती अधिक चालीने जाते, जड चकतीचे वस्तुमान अधिक आहे, म्हणून दोहोंचा संवेग सारखा, अशी 'भरपाई' त्यांनी लावली. वास्तविक जड चकतीवर बल अधिक काळ लागलेले असल्यामुळे तिचा संवेग अधिक असतो. संवेग ही केवळ गुणाकाराची संख्या आहे असे ज्याला शिकविले, त्याने गुणाकारातल्या दोन घटकांची अशी तडजोड करावी यात नवल नाही. 'बल किती वेळ लागले' हा प्रश्न त्याला कधी विचारलाच गेला नव्हता.

परीक्षापद्धतीकडेही बोट दाखविले जाते. दोन गुणांत याहून अधिक काय विचारणार? पण आरंभी उल्लेखिलेले उदाहरण संख्या न बदलता पुन्हा लिहिता येते. १६० ग्रॅमचा चेंडू यष्टिरक्षकाने झेलला. हातमोज्यांनी चेंडूवर ०.०२ सेकंद सरासरी ३२० न्यूटन बल लावले व चेंडू थांबला. झेलण्यापूर्वी चेंडूची चाल किती? ३२० गुणिले ०.०२ म्हणजे तेच ६.४, आणि उत्तर तेच ४०. फरक एवढाच की संवेग आता हातमोज्यांतून आला आहे. अशी रचना करताना उदाहरणकर्त्यालाही विचार करावा लागतो. थांबण्याचा काळ ०.०२ ऐवजी ०.१ सेकंद आणि बल ६४ न्यूटन घेतले तरी ६.४ च येतात. मात्र तेवढ्या काळात ४० मीटर प्रति सेकंद चालीचा चेंडू थांबविण्यासाठी हात दोन मीटर मागे न्यावे लागतील. ०.०२ सेकंदांसाठी ४० सेंटीमीटर पुरतात, आणि तेवढे हात यष्टिरक्षक मागे नेतो.

याच उदाहरणाला एक उपप्रश्न जोडता येईल. तोच चेंडू फलंदाजाने ४० मीटर प्रति सेकंद चालीने सरळ उलट दिशेने परतविला, तर संवेगात १२.८ एवढा बदल होतो. त्याला ०.१६ ने भागल्यास ८० मीटर प्रति सेकंद येतात. येताना चेंडूची चाल ४०, जाताना ४०. मग हे ८० कशाचे मोजमाप आहे, ते एका वाक्यात लिहा.